अठ्ठ्याऐंशी मिनिटं

घरातलं भांडण घरात करायचं नाही, हा या घराचा जुना शिरस्ता. भांडायचं तर चॅनलवर जायचं, स्टुडिओ नंबर दोनमध्ये. तिथे ऐसपैस सोफा आहे, भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत आणि आत कोणी कितीही घसा फोडला तरी बाहेर चिटपाखराला ऐकू जात नाही. दादाचं लग्न तिथेच ठरलं. आईच्या आजारपणात कोणी किती दिवस जागायचं तेही तिथेच. धाकट्याने बाहेरगावची चांगली नोकरी सोडून घरच्या चॅनलवर यायचं म्हटलं तेव्हा अण्णांनी त्याला त्याच सोफ्यावर बसवून तासभर फैलावर घेतलं होतं.

शनिवारी सकाळी नऊला सगळे पुन्हा तिथे जमले. मधली पोचली तेव्हा सोफा भरून गेला होता. तिच्यासाठी समोरची एकटी खुर्ची ठेवलेली. पाहुण्यांना प्रश्न विचारतात ती. मधलीला हसूच आलं.

"वा! म्हणजे आज माझी मुलाखत?"

कोणी हसलं नाही. ती त्या खुर्चीत बसली.

अण्णांच्या तीन मुलांतली ही मधली. घरात मधली, चॅनलवर मधली, चहावाल्याकडेही "मधलीताईंचा कमी साखरेचा". अठरा वर्षं या चॅनलचं कार्यक्रमपत्रक ती करत होती. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत पडद्यावर केव्हा काय दिसणार ते तिच्या खुर्चीवरून ठरायचं. कॅमेऱ्यासमोर ती एकदाही गेली नव्हती, जायची हौसही नव्हती. तिला आवडायचं ते रकाने भरणं. तिच्या पत्रकात आजवर एक मिनिट सांडलं नव्हतं, असं ती मानायची आणि लोकांना सांगायचीही.

दादाने चष्मा लावला. तो चॅनलचा व्यवस्थापक. आवाज मूळचाच व्यवस्थापकाचा, लहानपणी तो दूधही त्याच आवाजात मागायचा.

"विरोधी नगरसेविका बाईंचं पत्र आलंय," तो म्हणाला. "वाचतो. 'आपल्या चॅनलवरून नगरसभेची दर महिन्याची सभा शनिवारी दाखवली जाते. गेल्या चार वर्षांत चव्वेचाळीस सभा झाल्या. चव्वेचाळीसही सभांत मी बोलले. पडद्यावर मी दिसले तीन वेळा. माझी बोलायची वेळ आली की आपले मासे येतात.'"

"मासे," आत्या मान हलवत म्हणाली.

मासे म्हणजे चॅनलचा जुना भरणा. दोन कार्यक्रमांच्या मध्ये मिनिटभर जागा उरली की काचेच्या पेटीतले नारिंगी मासे पोहायचे आणि मागे बासरी वाजायची. गावात त्यावरून विनोद झाले होते हे मधलीला ठाऊक होतं. कोणी नको ते बोलायला लागलं की लोक म्हणायचे, "आले रे मासे!" तीही हसायची. आपल्याच चॅनलचा विनोद लोकांच्या तोंडी आहे याचं तिला कौतुक वाटायचं. तो कोणावर होता, हा विचार काही डोक्यात आला नव्हता.

"पुढे ऐका. 'हे कोण ठरवतं, त्या व्यक्तीचं नाव मला हवं आहे. तीन आठवड्यांवर निवडणूक आहे. ती होईपर्यंत त्या व्यक्तीला कामावरून दूर करावं. नाहीतर उमेदवारांच्या चर्चेला आमच्या बाजूचं कोणी येणार नाही, आणि का येणार नाही ते आम्ही चौकात सांगू. शनिवारी अकरा वाजता उत्तर घ्यायला येते.'" दादाने कागद खाली ठेवला. "आज शनिवार."

"मी कुणाला कापलेलं नाही," मधली म्हणाली.

"मी कुठे म्हणतो तू कापलंस? लोक म्हणतात."

"लोकांना माझं नाव कुठून कळलं?"

दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने कार्पेटकडे. शेवटी आत्याच म्हणाली, "दात गं, दात."

दातांचं असं होतं. मधलीचा नवरा दातांचा डॉक्टर. नगराध्यक्षांची वरची अख्खी कवळी त्याने बसवली होती. मागच्या महिन्यात भर प्रचारसभेत नगराध्यक्षांनी त्याला व्यासपीठावर ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "माझं हे हसू या डॉक्टरांची देणगी!" फोटो छापून आला. नगराध्यक्ष बत्तीस दात दाखवतायत आणि शेजारी डॉक्टर चोरी पकडल्यासारखा उभा. ज्याची बायको पत्रक करते तो नगराध्यक्षांच्या गळ्यात गळा घालून उभा. मग लोक बोलणार नाहीत तर काय करतील?

"म्हणून मी असं लिहिलंय," दादाने दुसरा कागद काढला. "आपलं चॅनल निःपक्षपाती आहे वगैरे. पुढे, कार्यक्रमपत्रकाची जबाबदारी सांभाळणाऱ्या ताई निवडणूक होईपर्यंत स्वतःहून रजेवर जात आहेत."

"स्वतःहून? बरं झालं सांगितलंस. मला आत्ताच कळतंय."

"मधले, चेष्टा नको. तीन आठवडे आत्याबरोबर कॅसेटच्या खोलीत बस."

"वन्सं, नंतर कोण लक्षात ठेवतंय?" वहिनी गोड आवाजात म्हणाली. "पत्रक तेवढे दिवस मी बघेन."

वहिनीचा 'सकाळच्या गप्पा' हा कार्यक्रम दर रविवारी दहाला लागायचा आणि गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत चालू असायचा. बाई बोलायला गोड, कामाला वाघ. पण आज तिने पत्रकाचं नाव काढलं तसा मधलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन आठवड्यांसाठी सोडलेली खुर्ची परत मिळते, असं तिने या चॅनलवर तरी पाहिलं नव्हतं. आणि मिळालीच, तरी गावात कायमचं झालं असतं: हीच ती, माणसं कापणारी.

"ताई गेली तर मीही रजेवर," धाकटा म्हणाला. प्रक्षेपणाची सगळी यंत्रं त्याच्या हातात होती, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. "बघू मग हवामान कोण लावतं."

"तू गप्प बस," दादा खेकसला. "अण्णा, तुम्ही तरी सांगा."

अण्णा सोफ्याच्या टोकाला डोळे मिटून बसले होते. त्यांना नको असलेलं ऐकू यायचं नाही, हवं असलेलं शेजारच्या खोलीतूनही यायचं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तो तक्ता इकडे दे," मधली म्हणाली.

बाईंनी पत्राला आलेखाचा कागद जोडला होता. शाळेत गणित शिकवायच्या त्या. चव्वेचाळीस चौकोन, तारखा, प्रत्येकात बारीक फुली. फक्त तीन चौकोन हिरवे. मधलीने ते डोळ्यांसमोर धरले. अठरा वर्षं जिने रकाने भरले, तिला रकान्यांत काही दिसलं नाही तर मग कोणाला दिसणार?

पहिली तारीख जुन्या सदस्याच्या शोकसभेची होती. दुसरीचा काही बोध होईना. तिसरीवर तिचं बोट थांबलं. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि नवरा आदल्या संध्याकाळी घामाघूम होऊन घरी आला होता. "एका बैठकीत सात दात काढले," म्हणत त्याने चपलाही न काढता पलंगावर अंग टाकलं होतं. ते दात कोणाचे, हे सांगायची गरजच नव्हती.

"त्या दिवशी नगराध्यक्षांना तोंड उघडता येत नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"गाल हा एवढा सुजलेला. ते बोललेच नाहीत. दर सभेत सुरुवातीला किती बोलतात?"

"चाळीस मिनिटं," आत्या म्हणाली. "कधी पन्नास. माझं विणकाम त्यांच्याच भाषणात पुढे सरकतं."

"आणि शोकसभेतही बोलले नव्हते. ही दुसरी तारीख बघ रे, धाकट्या."

धाकट्याने मोबाइलमध्ये पाहिलं. "परगावी होते. उपाध्यक्षांनी दहा मिनिटांत उरकलं."

"म्हणजे ते बोलले नाहीत की बाई दिसतात. बाई बसतात कुठे?"

"शेवटच्या बाकावर," दादा म्हणाला. "बोलायचा क्रम बाकांप्रमाणे. त्यांची पाळी सगळ्यात शेवटी."

मधली उठून उभी राहिली. "आत्या, जुनी कॅसेट किती मिनिटांची होती?"

"नव्वद. मागेपुढे एकेक मिनिट कोरं सोडायचं. कामाची अठ्ठ्याऐंशी." आत्याने आयुष्य कॅसेटच्या खोलीत काढलं होतं. हा आकडा तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. "माझ्या वहीत लिहिलेलंच आहे. सभा, अठ्ठ्याऐंशी मिनिटं, मग दोन मिनिटं मासे."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता.

"नऊ वर्षांपूर्वी नवीन यंत्र आलं," तो म्हणाला, "तेव्हा आत्याची वही समोर ठेवून मी सगळं जसंच्या तसं भरलं. सभेसमोर अठ्ठ्याऐंशी होतं, अठ्ठ्याऐंशी घातलं. तेवढी झाली की यंत्र आपोआप कापतं. मला वाटलं सभा तेवढीच असते."

"आणि नऊ वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नाही?" वहिनीने विचारलं.

"बाईंच्या आधी त्या बाकावर जे गृहस्थ होते ते झोपायलाच यायचे," आत्या म्हणाली. "त्यांना कापलं काय नि ठेवलं काय."

दादा एकदम तरारला. त्याने आपला कागद टराटरा फाडला. "यंत्राची चूक! सुटलो! मधले, तू सुटलीस, मी सुटलो, सगळेच सुटलो. तांत्रिक बिघाड, दिलगीर आहोत, संपला विषय!" त्याने धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. वहिनीने मधलीचा हात दाबला. मधलीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. सुटल्याचं पाणी, दुसरं काय?

"पण दुसरी कॅसेट कुठे गेली?" आत्याने विचारलं.

"कोणती दुसरी?"

"अरे, सभा अठ्ठ्याऐंशी मिनिटांत कधी संपली होती? उरलेली दुसऱ्या कॅसेटवर घ्यायचो. पहिली शनिवारी संध्याकाळी, दुसरी रविवारी सकाळी दहाला."

रविवारी सकाळी दहाला काय लागतं, हे त्या खोलीत कोणाला विचारायची गरज नव्हती.

मधली परत खुर्चीत बसली. तिला सगळं लख्ख आठवलं. नवीन यंत्र आलं त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन आली होती. आपल्या गावी रेडिओवर बोलणारी मुलगी इथे दिवसभर फोन उचलत बसायची आणि दुपारी कॅसेटच्या खोलीत जाऊन रडायची. मधलीने पत्रक चाळलं होतं. रविवारी दहाला लिहिलं होतं, 'सभा दोन'. तिला वाटलं, शनिवारचीच पुन्हा दाखवतात. कोण बघतं पुन्हा? तिने त्यावर काट मारली आणि वहिनीला जाऊन सांगितलं, रविवारची सकाळ तुमची. त्या दिवशी वहिनीने तिला घट्ट मिठी मारली होती. दोघींची मैत्री तिथूनच सुरू झाली.

"मीच मागितली होती वेळ," वहिनी पुटपुटली.

"तुम्ही वेळ मागितलीत. रविवारचे दहा मी दिले. आत्याला एका शब्दानं विचारलं नाही."

"हे बघा," दादा घाईने म्हणाला, "एवढ्या खोलात जायचं काही कारण नाही. यंत्राने कापलं हे खोटं आहे का? नाही ना? मग तेवढंच सांगायचं. दुसऱ्या कॅसेटचं कोणाला ठाऊक आहे? आपल्या पाच-सहा जणांना. आपल्या वहिनीसाठी हिने नगरसभा उडवली, हे बाहेर गेलं तर शोभा होईल. मग तुला खुर्चीवर ठेवणं माझ्याही हातात राहणार नाही, मधले."

तो बोलत होता त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. आणि मधलीला खुर्ची हवी होती. मनापासून हवी होती. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. यंत्राची चूक म्हणजे उद्या त्याची चूक, हे त्याला कळलं होतं आणि तरी तो मूग गिळून बसला होता. ताई वाचते तर वाचू दे, म्हणून.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "यंत्राच्या माथी मारलं तर ते याच्या माथी बसेल. आणि यंत्राने रविवारची सकाळ कोणाला दिली नव्हती."

"मी बाईंना सांगते, मीच हट्ट केला होता," वहिनी म्हणाली. आता ती सोफ्यावरून उठून मधलीच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली होती. दादा बायकोकडे बघतच राहिला.

"अगं, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"आत्तापर्यंत तुमच्या होते," वहिनी म्हणाली.

अण्णांनी डोळे उघडले. "अकराला दार कोण उघडणार?" त्यांनी विचारलं.

"मी," मधली म्हणाली.

"मग झालं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

बाई अकराच्या ठोक्याला आल्या. ठेंगण्या, ताठ, काखेत फाइल. त्यांना पाहताच दादा ताडकन उभा राहिला. सातवी ते दहावी त्यांच्याच वर्गात काढलेली, पाय विसरत नाहीत. बाई त्याच एकट्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. नाव. लोकांकडून ऐकलंय, तुमच्या तोंडून हवंय."

मधलीने नाव सांगितलं, आपलंच. मग सगळं सांगितलं: कॅसेट, अठ्ठ्याऐंशी मिनिटं, यंत्र, दुसरी कॅसेट, रविवारची सकाळ. वहिनीचं रडणंही सांगितलं, कारण त्याशिवाय ते खरं वाटलं नसतं. काही लपवलं नाही, काही साखरेत घोळवलं नाही. बाईंनी मध्ये एकदाच थांबवलं.

"म्हणजे मला कोणी दाबलं नाही?"

"नाही."

"नगराध्यक्षांचा फोन नाही, दबाव नाही, काही नाही?"

"नाही, बाई."

बाईंनी फाइल मांडीवर ठेवली. चार वर्षं त्या एका कारस्थानाशी लढल्या होत्या आणि समोर निघाली एक विसरलेली कॅसेट.

"हे जास्त वाईट आहे," त्या म्हणाल्या. "दाबायला निदान माझं बोलणं ऐकावं तरी लागलं असतं. तुम्ही कोणी ऐकलंच नाही."

मधलीला तोंडात मारल्यासारखं झालं. "हो," ती म्हणाली. "मी शनिवारी सहाला घरी जाते. सभा मी एकदाही शेवटपर्यंत बघितलेली नाही. माझं चुकलं. मला माफ करा."

"बाई, ताई आजपासून रजेवर जातील," दादा मध्येच म्हणाला. "तुमच्या पत्राप्रमाणे."

"खाली बस," बाई म्हणाल्या, आणि दादा बसला. "चूक कुठे झाली ते एकीला कळलं, तर तिलाच घरी पाठवतोस? दुसरी बसली की मी पुन्हा पहिल्यापासून भांडायचं का? मला काम हवंय. माझ्या एक्केचाळीस सभा मला परत हव्यात."

"आहेत," आत्या म्हणाली. "कॅमेरावाला पूर्ण सभा घेतो. मूळ चित्रण माझ्या खोलीत तारखेनुसार लावलंय. मी कधी काही टाकत नाही."

बाईंनी आत्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. दोघी एका वयाच्या, एका हाडाच्या. पुढची पाच मिनिटं त्या दोघी तारखा कशा लावाव्यात यावरच बोलत राहिल्या आणि बाकीच्यांनी चहा घेतला.

"रविवारचे दहा त्यांना द्या," वहिनी म्हणाली. "माझ्या गप्पा दुपारी घाला कुठेतरी. गप्पा काय, केव्हाही मारता येतात." ती हसत म्हणाली खरी, पण तिला ते जड गेलं, हे मधलीला दिसलं. तिने वहिनीचा हात धरला आणि सोडला नाही.

"आणि आज संध्याकाळची?" बाईंनी विचारलं. "कालची सभा आज दाखवणार ना? काल मी शेवटी बारा मिनिटं बोलले आहे. कोणाबद्दल, ते माहीत आहे?"

"कोणाबद्दल?"

"तुमच्याबद्दल. नवऱ्याच्या दातांसकट."

दादाने कपाळाला हात लावला. मधलीची कानशिलं तापली. सगळं गाव ते ऐकणार, चहावाला, शेजारीण, सासूबाई. आणि आता तर ते खरंही नव्हतं. बाईंना ते कळलं होतं, तिलाही. कापायला कारण होतं, आणि ते अगदी रास्त होतं.

"जाईल," ती म्हणाली.

तिने आजचं पत्रक ओढलं. सभेपुढचा अठ्ठ्याऐंशीचा आकडा खोडला आणि तिथे लिहिलं, 'संपेपर्यंत'. अठरा वर्षांत त्या रकान्यात पहिल्यांदाच आकडा नव्हता.

"ताई, यंत्र शब्द घेत नाही," धाकटा म्हणाला. "त्याला मिनिटं लागतात. संपेपर्यंत म्हणजे काय ते त्याला कळत नाही."

"मला कळतं ना? दर सभेला मी बसेन."

संध्याकाळी सहाला सभा सुरू झाली. मधली प्रक्षेपणाच्या खोलीत खुर्चीवर होती, यंत्राचं आपोआप कापणं बंद करून ते तिने स्वतःच्या हाती घेतलं होतं. हळूहळू एकेक जण काही ना काही निमित्त काढून आत आला. दादा घड्याळ बघत, अण्णा काठी टेकत, आत्या विणकाम घेऊन. डॉक्टर दवाखाना बंद करून आला आणि दाराशी उभा राहिला. नगराध्यक्षांनी सेहेचाळीस मिनिटं घेतली. सात वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली तेव्हा सगळ्यांच्या नजरा घड्याळावर होत्या. मधलीने हात मांडीवर ठेवले. सभा चालूच राहिली.

आठला दहा मिनिटं कमी असताना शेवटच्या बाकावर बाई उठल्या. त्यांनी फाइल उघडली आणि खणखणीत आवाजात मधलीचं नाव घेतलं, आडनावासकट. मग दातांवर आल्या. "नगराध्यक्षांची कवळी जिथे बसली, तिथेच या चॅनलची जीभ अडकली!" सभागृहात हशा झाला. दाराशी डॉक्टर गाल धरून हसायला लागला. मधलीला हसू येत होतं, रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, सगळं एकदम. पण हात तिने यंत्राकडे नेला नाही.

"काय म्हणाली ती?" आत्याने सुया थांबवून विचारलं. "माझं निसटलं."

मधलीने आवाज वाढवला.